आई-वडिलांचे रक्ताचे रिपोर्ट वाचताना : एमडीएसमधले आकडे आणि त्यांची चाल

रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि आपली नजर सरळ ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. आकडा ठळक असणं म्हणजे तो निरोगी माणसाच्या मर्यादेबाहेर आहे, एवढंच लॅब सांगत असते. आई किंवा वडिलांना अस्थिमज्जेचा आजार असेल तर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स यांतल्या एक-दोन किंवा तिन्ही ओळी जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात ठळकच दिसणार. आजही आणि तीन महिन्यांनीही. म्हणून उजवीकडच्या रकान्यातली 'नॉर्मल रेंज' बाजूला ठेवायची आणि तुलना करायची ती त्यांच्याच मागच्या चार-सहा रिपोर्टांशी. हे एकदा अंगवळणी पडलं की रिपोर्ट उघडताना छातीत होणारी धडधड बरीच कमी होते, आणि खरोखर धावपळ करायची वेळ येते तेव्हा ती ओळखूही येते.

मी इथे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस, या आजाराबद्दल लिहितो आहे. वडिलांच्या आजारपणात त्यांच्या हेमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांना, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून हे समजत गेलं. मी डॉक्टर नाही. औषधांचे निर्णय डॉक्टरांचेच. पण दोन भेटींच्या मधले दिवस घरच्यांनाच काढायचे असतात, आणि त्या दिवसांत रिपोर्ट वाचता येणं फार उपयोगी पडतं.

मज्जा भरलेली, रक्त रिकामं

रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. एमडीएसमध्ये मज्जेतल्या मूळ पेशींच्या जनुकांत बिघाड होतो आणि त्या बिघडलेल्या पेशीची पिलावळ वाढत जाते. आजार बहुतांशी उतारवयात होतो. नवल असं, की मज्जा तपासली तर अनेकदा ती पेशींनी गच्च भरलेली दिसते आणि रक्तात मात्र पेशींची टंचाई. कुंभाराने चाकावर मडकी भराभर घडवावीत आणि भट्टीतच त्यातली निम्मीअधिक तडकावीत, तसं होतं. पेशी तयार होतात, पण पूर्ण वाढ होण्याआधी मज्जेतच मरतात. ज्या बाहेर पडतात त्यांतल्याही काही कामात कच्च्या असतात. म्हणूनच एमडीएसमध्ये कधीकधी प्लेटलेटचा आकडा बरा असूनही हिरड्यांतून रक्त येतं, किंवा पांढऱ्या पेशी पुरेशा दिसूनही जंतुसंसर्ग होतो.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. हिमोग्लोबिन कमी म्हटलं की आपल्याकडे खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी आणि लोहाचं टॉनिक सुरू होतं. प्लेटलेट्स कमी म्हटलं की पपईच्या पानांचा रस. हे सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण एमडीएसमध्ये शरीरात सहसा लोह कमी नसतं, ते वापरून पेशी पूर्ण करणारी यंत्रणा बिघडलेली असते. तपासणीत लोहाची कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण वारंवार रक्त घेणाऱ्या माणसाच्या शरीरात पुढे लोह साठतच जाणार असतं. खजूर आवडीने खाल्ला तर काही बिघडत नाही. त्याने काउंट वाढेल ही आशा मात्र आई-वडिलांच्या मनात लावून देऊ नये, कारण पुढचा रिपोर्ट तसाच आला की त्यांना वाटतं आपलंच पथ्यपाणी चुकलं.

बी-१२ची गोष्ट वेगळी. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तरीही तांबड्या पेशी मोठ्या होतात, काउंट घसरतात आणि चित्र एमडीएससारखंच दिसू शकतं. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते. म्हणून निदान पक्कं करण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, आणि झाली नसेल तर विचारायला संकोचू नये.

प्रत्येक पेशीचं आयुष्य वेगळं

रिपोर्ट समजण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती ही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. प्लेटलेट ७ ते १० दिवस. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी मुख्य पांढरी पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. त्यामुळे या तीन आकड्यांच्या बदलाचा वेगही सारखा नसतो. न्यूट्रोफिल दोन दिवसांत खाली-वर होऊ शकतात. प्लेटलेट्स आठवड्यात बदलू शकतात. हिमोग्लोबिन मात्र संथपणे उतरतं.

किती संथ? समजा मज्जेने उद्यापासून तांबड्या पेशी बनवणं पूर्ण थांबवलं. तरी रोज शंभरातल्या एखाद्याच पेशीचं आयुष्य संपेल. हिमोग्लोबिन ९ असेल तर आठवड्याला साधारण अर्धा ग्रॅम उतरेल. दात्याच्या रक्तातल्या काही पेशी आधीच जुन्या असतात, त्यामुळे रक्त चढवलेल्या माणसात ही उतरण थोडी जलद होते. पण चार-पाच दिवसांत हिमोग्लोबिन २ ग्रॅमने पडलं, तर मूळ आजार वाढला असं मानून बसण्याआधी दुसरं कारण शोधायला हवं. पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का? शौचाला काळं होतं आहे का? तांबड्या पेशी रक्तातच फुटत आहेत का? नुकतंच सलाइन लावलं होतं का? की नमुना घेण्यातच काही गडबड झाली? असा रिपोर्ट आला तर त्याच दिवशी फोन करावा.

उलट ९.१, ८.८, ९.२, ८.९ असे आकडे आले, तर त्याचा अर्थ हिमोग्लोबिन स्थिर आहे. ०.३-०.४ ग्रॅमचा फरक यंत्रामुळे, पाणी कमी-जास्त पिण्यामुळे, नमुना आडवं पडून दिला की बसून यामुळेही येतो. ८.८ला काळजी आणि ९.२ला पेढे, असं करत राहिलो तर घर थकून जातं. लक्ष द्यायचं ते ९.१, ८.६, ८.२, ७.७ अशा सलग उतरणीकडे.

पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यावर विसंबू नका

बहुतेक घरांत 'पांढऱ्या पेशी किती?' एवढंच विचारलं जातं. पण त्यांचा एकूण आकडा फसवा असतो. खरा प्रश्न आहे एएनसीचा, म्हणजे प्रत्यक्ष न्यूट्रोफिल किती आहेत याचा. काही लॅब तो छापतात, काही छापत नाहीत. हिशोब सोपा आहे : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००.

मागच्या महिन्यात एकूण पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के होते असं धरा. एएनसी झाला ८४०. या महिन्यात एकूण पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के. एकूण आकडा वाढला म्हणून घरात सगळे खूश. प्रत्यक्षात एएनसी ६००वर आला आहे, म्हणजे संरक्षण घटलं आहे.

१,५००च्या खाली एएनसी कमी मानतात. ५००च्या खाली तो धोक्याचा. अशा वेळी थर्मामीटर हे घरातलं सगळ्यात महत्त्वाचं साधन असतं. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त दिसला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा, आणि पोचल्याबरोबर 'न्यूट्रोफिल कमी आहेत, ताप आहे' हे दारातल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू होणं अपेक्षित असतं. रांगेत बसून नंबर येण्याची वाट पाहण्याची ही वेळ नाही. वयस्क माणसांत कधी ताप चढतच नाही. नुसती हुडहुडी भरते, किंवा बोलण्यात गोंधळ होतो, किंवा ती एकदम गळून जातात. त्यालाही तितकंच महत्त्व द्यायचं.

पांढऱ्या पेशी वाढल्या तर? संसर्ग, स्टिरॉइड, किंवा पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन यांनी त्या काही दिवस वाढतात आणि पुन्हा उतरतात. असं कोणतंही कारण नसताना त्या एकामागून एक रिपोर्टात चढत गेल्या, किंवा मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) सतत जास्त येत राहिले, तर डॉक्टर पुढची तपासणी करतात.

प्लेटलेट्स आणि लाखांचा घोळ

आपल्याकडे प्लेटलेट्स लाखात मोजतात. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. परदेशातली मुलं तिथल्या पद्धतीने वाचतात आणि गोंधळ होतो, कारण तिथे हाच आकडा १५० ते ४५० असा छापतात. आपल्याकडचे ०.४५ लाख, ४५ हजार आणि तिकडचे ४५ हे तिन्ही एकच. हिमोग्लोबिन आपल्याकडे डेसिलिटरमागे, तर ब्रिटनमध्ये लिटरमागे मोजतात, त्यामुळे आपलं ८.५ तिथे ८५ होतं. भावंडं वेगवेगळ्या देशांत असतील तर एकच पद्धत ठरवून टाका, नाहीतर रात्री-अपरात्री उगीच घबराट होते.

५० हजारांच्या वर प्लेटलेट्स असतील तर रोजच्या व्यवहारात सहसा अडचण येत नाही, मात्र दात काढणं किंवा छोटी शस्त्रक्रियाही आधी विचारूनच. २० हजारांच्या खाली आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. १० हजारांच्या खाली आले तर रक्तस्राव नसतानाही प्लेटलेट्स चढवण्याचा निर्णय डॉक्टर बहुधा घेतात. पण आकड्याच्या आधी शरीर सांगतं. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, न थांबणारा घोळणा, न लागता उठलेले निळे डाग. काळी शौच, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा डोक्यावर पडणं हे मात्र थेट इस्पितळात जाण्याचं कारण आहे.

गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी अशा माणसाला देऊ नये, कारण ती प्लेटलेट्सचं काम आणखी मंदावते. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करू नये. हृदयाचे डॉक्टर आणि हेमॅटॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची औषधं माहीत आहेत का, हे बघण्याचं काम घरच्यांचंच. ते दुसरं कुणी करत नाही.

प्लेटलेट्स अचानक निम्म्यावर आल्या आणि अंगावर एकही ठिपका नाही, असं झालं तर विचारावं : स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघितला का? जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे काही माणसांच्या प्लेटलेट्स नळीतच गोळा होऊन चिकटतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर पाहिलं की हे कळतं. मग दुसऱ्या प्रकारच्या नळीत नमुना घेऊन खरा आकडा काढता येतो.

रक्त चढवायला लागल्यावर

एक पिशवी रक्ताने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढतं. म्हणजे रक्त चढवल्यानंतरचं ९.५ हे मज्जेचं कर्तृत्व नाही, ते दात्याचं देणं आहे. नियमित रक्त सुरू झाल्यावर हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून आजाराची चाल कळेनाशी होते. तेव्हा मोजायचं ते दोन पिशव्यांमधलं अंतर. आधी सहा आठवड्यांनी लागायचं, मग चार, आता अडीच. ही खरी बातमी आहे, आणि ती कोणत्याही एका रिपोर्टात छापलेली नसते. अंतर वाढू लागलं तर उपचार लागू पडतो आहे.

दुसरं लोहाचं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला फार तर १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं, आणि जादा लोह काढून टाकण्याची सोयच निसर्गाने दिलेली नाही. २० पिशव्यांमध्ये ४ ते ५ ग्रॅम लोह जमतं. निरोगी माणसाच्या संपूर्ण शरीरात मिळून ३-४ ग्रॅमच असतं! हे जादा लोह यकृतात आणि हृदयात साठतं. म्हणून फेरीटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी, तपासणी. ते १,००० ओलांडून वर राहू लागलं की ज्यांच्यापुढे आयुष्याची बरीच वर्षं आहेत अशा रुग्णांत लोह उतरवणाऱ्या औषधाचा, बहुधा डेफेरासिरॉक्सचा, विचार होतो. ते चालू असताना मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्याही नियमित लागतात. ताप किंवा संसर्ग असताना फेरीटिन लोह नसतानाही वाढतं, तेव्हा ती तपासणी बरं वाटल्यावर करावी.

आतापर्यंत किती पिशव्या झाल्या याचा हिशोब पहिल्या पिशवीपासून ठेवा. नंतर डिस्चार्ज कार्डं धुंडाळून तो जुळवणं फार कठीण जातं. पुढे मज्जारोपणाची शक्यता असेल तर मुलाने किंवा भावाने हौसेने थेट आई-वडिलांसाठी रक्त देऊ नये. नात्यातल्या संभाव्य दात्याच्या रक्तामुळे शरीर त्याच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊ शकतं. रक्तदान जरूर करा, ते दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

ब्लास्ट : ज्या आकड्याची भीती वाटते

ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या, अपरिपक्व पेशी. निरोगी माणसाच्या मज्जेत त्या ५ टक्क्यांहून कमी असतात आणि रक्तात दिसतच नाहीत. मज्जेत किंवा रक्तात त्या २० टक्क्यांवर गेल्या तर आजार अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या एका तीव्र कर्करोगात, बदलला असं मानलं जातं. हा बदल सगळ्यांमध्ये होत नाही. एमडीएसचे बरेच रुग्ण ल्युकेमियापर्यंत कधीच पोचत नाहीत. तरी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टात खाली बारीक अक्षरांत लिहिलेला स्मिअरचा शेरा वाचायची सवय ठेवा. तिथे 'ब्लास्ट दिसले' असं पहिल्यांदाच आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता कळवायचं. केवळ यंत्राने संशयाची खूण केली असेल तर पॅथॉलॉजिस्टने स्वतः स्मिअर बघितला का, ते आधी विचारायचं.

निदानाच्या वेळी डॉक्टर आजाराचा धोका एका गुणपद्धतीने ठरवतात. ती १९९७ साली आली, २०१२मध्ये सुधारली, आणि २०२२मध्ये जनुकांच्या तपासणीची तीत भर पडली. २०१२च्या पद्धतीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि एएनसी यांना गुण आहेत, पण मज्जेतले ब्लास्ट आणि गुणसूत्रांमधले बदल यांचं वजन जास्त. म्हणून दर महिन्याला रक्त लागणारी आई कमी धोक्याच्या गटात असू शकते, आणि हिमोग्लोबिन १०.५ असलेले वडील जास्त धोक्याच्या गटात. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टाशी तुलना करून धीर घेऊही नये आणि सोडूही नये. आपल्या माणसाचा गट कोणता, हे एकदा स्पष्ट विचारून लिहून ठेवावं.

जास्त धोक्याच्या गटात बहुधा अॅझासिटिडिनची इंजेक्शनं देतात, दर २८ दिवसांनी ७ दिवस. ज्यांच्या घरी ही सुरू होणार आहेत त्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी : पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काउंट सहसा आणखी खाली जातात. औषध चुकीच्या पेशींसोबत उरल्यासुरल्या बऱ्या पेशींनाही दाबतं. याच टप्प्यावर अनेक घरांत 'इंजेक्शनांनी तब्येत बिघडली' म्हणून उपचार थांबवण्याचा सूर निघतो. फायदा होतो आहे की नाही हे ठरवायला साधारण ४ ते ६ फेऱ्या लागतात. त्या आधीच्या रिपोर्टांवरून निकाल लावू नये. मात्र या काळात ताप आणि रक्तस्राव यांवर दुप्पट लक्ष हवं.

वही

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. तारीख, हिमोग्लोबिन, एएनसी, प्लेटलेट्स, ब्लास्ट, आणि शेवटी 'शेरा' नावाचा मोठा रकाना. सगळा जीव त्या शेवटच्या रकान्यात आहे. 'चार दिवसांपूर्वी दोन पिशव्या', 'अॅझासिटिडिन तिसरी फेरी, दिवस १४', 'मागच्या आठवड्यात जुलाब', 'गुडघ्यासाठी स्टिरॉइड'. ही नोंद नसेल तर सहा महिन्यांनी ७.९ हा आकडा नुसता आकडा उरतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. घरून नमुना नेणारा मुलगा तो लॅबमध्ये किती वेळात पोचवतो, हेही विचारा. किती दिवसांनी तपासायचं हे डॉक्टर ठरवतील. आजार स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदाही पुरतं, इंजेक्शनं चालू असतील तर दर आठवड्याला लागू शकतं. मनाच्या समाधानासाठी मधेच एखादी जादा सीबीसी करून घेण्याने सहसा समाधान मिळत नाही.

शेऱ्यात तब्येतही लिहायची, आणि ती विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. 'बरं वाटतंय ना?' या प्रश्नाला आपल्या आई-वडिलांचं उत्तर ठरलेलं असतं : 'मला काय धाड भरलीय!' पोरांना त्रास नको म्हणून ती माणसं धाप लपवतात. त्यापेक्षा 'आज जिन्यात कुठे थांबलात?', 'अंघोळीनंतर पडून राहावं लागलं का?', 'देवळापर्यंत जाऊन आलात की कोपऱ्यावरूनच परतलात?' असं विचारलं की खरं कळतं. ७.८ हिमोग्लोबिनवर दोन मजले चढणारे असतात आणि ८.५ला छातीत दुखणारे हृदयरोगीही असतात. रक्त चढवायचं की नाही हे डॉक्टर यावरूनही ठरवतात.

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून तीन आकडे लिहून घ्या : हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि एएनसी कितीच्या खाली आले तर त्याच दिवशी फोन करायचा. हे आकडे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असतात, माझ्या वडिलांचे तुमच्या आईला लागू पडणार नाहीत. त्याखाली रक्तगट, रक्तात दुसऱ्याच्या रक्तपेशींविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या असतील तर त्यांची नावं, आजवरच्या पिशव्यांची संख्या, चालू औषधं, आणि रात्री कोणत्या इस्पितळात जायचं ते. या पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, दिवसा सोबत असणाऱ्या मावशींच्याही.